कर्तारेषा

मी निर्दोष आहे हे मला एका बुधवारी सकाळी साडेदहा वाजता कळलं. सांगलीच्या मेंदू-तपासणी केंद्रात, दुसऱ्या मजल्यावरच्या एका थंडगार खोलीत डॉ. हर्डीकर नावाच्या तिशीतल्या मुलीनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक निळी रेघ होती, डावीकडून उजवीकडे आखून काढल्यासारखी सरळ.

"बघा घोलपमॅडम, ही तुमची रेषा. अपघाताआधीची तीन मिनिटं. कुठंही उठलेली नाही. म्हणजे ती मूठ तुमच्या हातानं फिरवली, पण तुम्ही फिरवली नाही. अहवालात मी तुमचं कर्तेपण शून्य लिहिलंय. निश्चिंत व्हा."

मी निश्चिंत झाले. खोटं कशाला बोलू? दोन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली. खाली उतरून गाड्यावर दोन वडापाव घेतले. दुसरा खाताना दस्तगीरभाऊंचा उजवा हात आठवला आणि तो वडा तसाच कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

मी सारिका घोलप, वय त्रेपन्न, बोरपाणीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर. मोठ्या तारांतून आलेली वीज उपकेंद्रात उतरते आणि तिथून आसपासच्या गावांना वाटली जाते. वाटपाच्या एकेका रस्त्याला आम्ही फीडर म्हणतो. आमच्याकडे चार फीडर, आणि पॅनेलवर प्रत्येकाची एक काळी मूठ. डावीकडे फिरवली की गावं बंद, उजवीकडे फिरवली की चालू. शहरात हे सगळं केव्हाच यंत्रांच्या ताब्यात गेलं. आमचं उपकेंद्र जुनं आणि आडबाजूचं, म्हणून अजून माणसाच्या हातात राहिलंय. तारांवरून ड्रोन घिरट्या घालतात, झकास फोटो काढतात, पण तार खांबापासून वेगळी ठेवणारा इन्सुलेटर फुटला की तो बदलायला खांबावर माणूसच चढतो. आमच्याकडे चढणारा माणूस म्हणजे दस्तगीर मुलाणी. मी त्यांना दस्तगीरभाऊ म्हणते, ते मला अक्का म्हणतात. एकोणीस वर्षं ते वर तारेवर आणि मी खाली पॅनेलवर.

लाइनमन चढायच्या आधी ऑपरेटरकडून परमिट घेतो. परमिट म्हणजे, मी परत सांगेपर्यंत या तारेत वीज सोडू नका. पूर्वी ते कागदावर असे, आता मोबाइलच्या ॲपवर निघतं. या ॲपचं एक खूळ आहे. एका फीडरवर एका वेळी एकाच माणसाच्या नावानं परमिट निघतं. ज्या हुशार माणसानं ते बनवलं त्याला एकाच फीडरवर दोन ठिकाणी दोन माणसं चढतात हे ठाऊक नसावं. आम्ही चार वेळा लिहून कळवलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे.

म्हणून आमच्या उपकेंद्रात आमचा आमचा रिवाज होता, ॲपच्याही आधीपासूनचा. चढणारा माणूस आपला टॉवेल त्या फीडरच्या मुठीवर टाकून जायचा. खाली उतरल्यावर स्वतः येऊन उचलायचा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. टॉवेल वर तर माणूस वर. ॲप बंद पडो, फोनला रेंज नसो, टॉवेलनं आम्हाला कधी दगा दिला नव्हता.

दगा मी दिला.

त्या दिवशी तीन नंबरच्या फीडरवर दोन कामं होती. संपत माळवदे हा दुसरा लाइनमन झाडाच्या फांद्या तोडायला गेला. ॲपवर परमिट त्याच्या नावानं निघालं. दस्तगीरभाऊ पाणीपुरवठ्याच्या मोटारीकडे जाणाऱ्या शाखेवर इन्सुलेटर बदलायला गेले. त्यांनी आपला पिवळा टॉवेल मुठीवर टाकला आणि म्हणाले, "अक्का, तासभर लागंल." मी म्हटलं, "सावकाश करा."

अकराच्या सुमाराला फोन आला की मंडळ कार्यालयाचं तपासणी पथक फाट्यावर पोचलंय. या पथकाचे साहेब मागच्या वर्षी टॉवेल बघून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे उपकेंद्र आहे की धोबीघाट?" शिवाय मेमो दिला होता. तेव्हापासून पथक येणार म्हटलं की मी टॉवेल उचलून टेबलाच्या खणात ठेवायची आणि त्यांची गाडी हलली की परत टाकायची. असं चार-पाच वेळा केलं होतं. त्या दिवशीही खणात ठेवला. साहेब आले, ॲप बघितलं, खूश झाले, चहा प्यायले आणि गेले. त्यांच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत संपतचा फोन आला, "बाई, काम झालं, मी खाली, करा चालू." ॲपवर हिरवा चौकोन उमटला. मी मुठीकडे बघितलं. मूठ मोकळी होती. मी फिरवली.

काही सेकंदांत फीडर आपोआप तुटला, म्हणजे वीज बंद पडली. तारेला कुणी लागलं की तुटतो, किंवा फांदी पडली की तुटतो. मी वेळ लिहायला पेन शोधत खण उघडला, आणि त्यात पिवळा टॉवेल होता.

पुढचं सांगवत नाही. चुकून आलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून तार जमिनीला जोडून ठेवायच्या साखळ्यांचा आमच्याकडे एकच जोड होता. तो संपतकडे होता आणि काम संपल्यावर त्यानं तो काढला होता. दस्तगीरभाऊ पट्ट्यानं खांबाला बांधलेले होते म्हणून पडले नाहीत. उजवा हात कोपराखाली गेला.

सगळी धावाधाव चालू असताना मी तो टॉवेल माझ्या पिशवीत टाकला आणि घरी आणला. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

आता या रेषेबद्दल. चार वर्षांपूर्वी कर्तृत्व निर्धारण कायदा आला. वीज उपकेंद्रं, क्रेन, शस्त्रक्रियेच्या खोल्या, लांब पल्ल्याचे ट्रक, जिथं एकाच्या चुकीनं दुसऱ्याचा जीव जातो अशा सगळ्या जागी माणसांना कपाळाला एक पट्टी लावणं सक्तीचं झालं. लाइनमनच्या ती हेल्मेटमध्येच असते. तिचं काम मला डॉ. हर्डीकरांनी फार सोपं करून सांगितलं होतं.

"घराला कुलूप लावून निघालात आणि कोपऱ्यावर आठवलं की कुलूप लावलं का? असं होतं ना?"

"रोज होतं."

"कुलूप तर तुम्हीच लावलेलं असतं. मग आठवत का नाही? कारण ते मेंदूच्या तळाशी असलेल्या सवयीच्या गाठींनी लावलेलं असतं. कपाळामागचा जो भाग विचार करतो, हे करू की नको असं तोलतो, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. तो भाग जागा झाला की रक्तप्रवाह आणि लहरी बदलतात. पट्टी ते टिपते आणि आम्ही त्याची रेषा काढतो. रेषा उठली तर ते कृत्य तुमचं. नाही उठली तर ती नुसती घटना, झाड पडावं तशी. पडलेल्या झाडाला कुणी शिक्षा करत नाही."

कायदा वाईट नव्हता. नुसत्या विसरण्यापायी तुरुंगात सडणारी कितीतरी माणसं त्यानं सोडवली. पण कुठलीही गोष्ट आपल्याकडे आली की तिचं व्हायचं ते होतंच. पोरं गृहपाठ न करता मास्तरांना सांगायला लागली की रेषा उठली नाही. माझे यजमान प्रमोद, स्वतः मुख्याध्यापक, कोथिंबीर आणायची विसरले की कपाळाला हात लावून म्हणतात, "शून्य कर्तेपण." आम्ही हसायचो.

त्या बुधवारी अहवाल दाखवला तेव्हा मात्र ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले, पुन्हा लावला. "सुटलीस गं," एवढंच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. तेव्हा मी त्यांना टॉवेलचं सांगितलं. दोन महिने एका घरात राहून सांगितलं नव्हतं.

त्यांनी अहवाल घडी घालून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "हे कुणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"मग हात दाखवून अवलक्षण कशाला? यंत्रानं तपासलं, डॉक्टरनं लिहून दिलं. तुझ्यापेक्षा तुझ्या मेंदूला जास्त कळतं असं धर."

मलाही तेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी जरा हलक्या मनानं मी मिरजेला दवाखान्यात गेले. आधीही तीन-चारदा गेले होते, पण दस्तगीरभाऊ झोपलेले असायचे, निदान डोळे मिटून असायचे. या वेळी उशीला टेकून बसले होते. त्यांची बायको जुबेदा त्यांना चमच्यानं भात भरवत होती. मी आणलेली फळं तिनं घेऊन कोपऱ्यात ठेवली.

"कसं आहे भाऊ?"

"बरं हाय, मॅडम," ते म्हणाले.

एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तीन नंबरचं ब्रेकर अजून आवाज करतंय का. मी म्हटलं, करतंय. त्यांनी विचारलं, पाण्याच्या मोटारीचा इन्सुलेटर शेवटी कुणी बदलला. मी म्हटलं, संपतनं. टॉवेलचं त्यांनी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ते कुठंही बघत असले तरी मला माझ्या पिशवीकडेच बघतायत असं वाटत होतं.

जुबेदा मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि तिथं थांबली.

"तुमचा कागुद आला म्हणं. सुटलासा."

"हो."

"यांचा बी आला. ह्यांची रेघ उठलीया." तिनं हात डोक्यापर्यंत वर केला. "एवढी. अकरा सेकंद. खांबाखाली उभं राहून ह्यांनी ईचार केला आन मग चढलं, असं लिवलंय त्यात. परमिट नसताना, समजून उमजून. म्हंजी सगळी चूक ह्यांची. मंगळवारी सुनावणी हाय. चुकीचा शिक्का बसला की नोकरी जाणार. नायतर हात गेलेल्याला आपिसात बसवत्यात. आता त्ये बी न्हाई."

हे असं होईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पण हिशेब सरळ होता. अपघात झाला म्हटल्यावर कायदा त्यात कर्ता शोधतो. माझी रेषा सपाट, संपतची सपाट, साहेबांनी तर पट्टीच घातलेली नव्हती. सगळ्यांत एकाच माणसानं त्या दिवशी विचार केला होता, आणि ज्यानं विचार केला तोच दोषी ठरला.

"त्यांनी टॉवेलचं कुणाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"मी म्हनलं, सांगा की. म्हनलं, बाईंचं नाव घ्या. तर म्हनत्यात, नगं. त्यांचं त्यांनी सांगू दे." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "दोन म्हैनं झालं, वाट बघत्यात."

घरी न जाता मी परत सांगलीला गेले. डॉ. हर्डीकर निघायच्या बेतात होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मूठ फिरवल्याच्या आधीची तीन मिनिटं तुम्ही बघितलीत. टॉवेल मी त्याच्याही आधी पाऊण तास काढला. तिथली रेषा बघा. टॉवेल उचलताना मला आठवलं होतं का, की वर माणूस आहे? माझं मलाच कळत नाहीये. रात्रंदिवस आठवत बसते, कधी वाटतं होतं, कधी वाटतं नव्हतं."

"कायदा तीन मिनिटांच्या पलीकडचं विचारत नाही, मॅडम."

"मी विचारतेय."

त्यांनी पर्स खाली ठेवली. त्या मुलीचा मला आधी राग यायचा, इतकं गोड बोलायची म्हणून. त्या संध्याकाळी तिनं दीड तास खपून माझ्या पूर्ण दिवसाची रेषा पडद्यावर काढली.

अकरा वाजून सहा मिनिटं. टॉवेल उचलला ती जागा. रेषा सपाट.

"हीसुद्धा सवय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पथक आलं की टॉवेल उचलायचा. चार-पाच वेळा भीतीपोटी केलेलं काम मेंदू फार लवकर शिकतो. इथंही तुमचं कर्तेपण नाही. उलट हे तुमच्या बाजूनंच आहे."

मी मोकळा श्वास घेतला असेन, कारण त्या पुढं काही सांगायला थांबल्या. मग त्यांनी रेषा आणखी पुढं सरकवली.

"सगळ्या दिवसात ती एकदाच उठलीये. बारा वाजून दोन मिनिटांनी. इथं."

ती रेषा नव्हतीच, सुळका होता. पडद्याच्या वरच्या काठाला टेकलेला.

"हे काय होतं?" त्यांनी विचारलं.

मला विचार करावा लागला नाही. बारा वाजून दोन मिनिटांनी मी खणातून टॉवेल काढून पिशवीत लपवला होता.

दस्तगीरभाऊंना शॉक बसला तेव्हा मी तिथं नव्हते, असं यंत्र म्हणत होतं. टॉवेल लपवताना मात्र मी पुरती हजर होते. मला माझी अशी शरम कधीच वाटली नव्हती. मी त्या पोरीसमोर रडले. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "अपघातानंतरचं वागणं अहवालात येत नाही. मी ते लिहिणार नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मंगळवारी सुनावणीला जाताना टॉवेल माझ्या पिशवीत होता. काय करायचं ते तरीही ठरलं नव्हतं. चार दिवस प्रमोद माझ्याशी भांडले होते, तेही प्रेमानं, त्यामुळं उलट उत्तर देता येत नव्हतं. परवाना जाईल. सात वर्षं नोकरी राहिलीये. तू पॅनेलशिवाय घरात बसून काय करणार? हे शेवटचं त्यांचं खरं होतं. मला ते काम आवडतं. पॅनेलवरचे दिवे बघून कुठल्या गावात आता मोटारी चालू झाल्या, कुठं लग्न आहे, मी सांगू शकते. मूठ हातात धरली की मला मी कुणीतरी आहे असं वाटतं, आणि हे या वयात सोडणं सोपं नाही.

अपघाताचा दोष कुणाचा ते ठरवणाऱ्या दायित्व मंडळाची खोली साधी होती. पीठासीन अधिकारी गणोरकर, साठीच्या आसपासचे, शांत, कंटाळलेले. समोर उजवीकडे दस्तगीरभाऊ, शनिवारीच दवाखान्यातून घरी आलेले, शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. मागं जुबेदा, संपत आणि प्रमोद. डॉ. हर्डीकर बाजूला.

गणोरकरांनी अहवाल वाचून दाखवले. माझा दोन ओळींत संपला. मग ते दस्तगीरभाऊंना म्हणाले, "मुलाणी, परमिट तुमच्या नावानं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"चढण्याआधी तुम्ही अकरा सेकंद विचार केलात. रेषा स्पष्ट आहे. काय विचार केलात?"

दस्तगीरभाऊ म्हणाले, "गावाला दोन दिस पानी न्हवतं. टाकी मोकळी. म्हनलं चढावं का संपतचं परमिट संपंस्तवर थांबावं. मग म्हनलं, अक्का बसल्यात पॅनेलला. काय काळजी." त्यांनी डावा हात उचलून खाली ठेवला. "येवढाच ईचार केला. त्यालाच अकरा सेकंद लागली आसतील, सायेब."

गणोरकर लिहून घेत होते. मला त्यांच्या पेनचा आवाज ऐकू येत होता. हा माणूस माझ्यावर विसंबला होता, आणि त्याच विसंबण्याची उंची मोजून त्याला दोषी ठरवत होते. मी उठून उभी राहिले. त्या क्षणी माझी रेषा उठली होती की नाही ते मला माहीत नाही, कारण पट्टी घातलेली नव्हती.

"साहेब, मला बोलायचंय."

"तुमचं प्रकरण संपलंय, घोलपबाई. बसा."

मी पुढं जाऊन पिवळा टॉवेल त्यांच्या टेबलावर ठेवला. मग सगळं सांगितलं, टॉवेलचा रिवाज, पथक, खण, पिशवी. सांगताना काही गाळलं नाही. मागून प्रमोदचा एक सुस्कारा ऐकू आला.

गणोरकरांनी पेन खाली ठेवलं आणि डॉ. हर्डीकरांकडे बघितलं. "टॉवेल काढतानाची रेषा?"

"सपाट," त्या म्हणाल्या. "मी तपासलीय. तिथंही कर्तेपण आढळत नाही."

"मग?" गणोरकर माझ्याकडे वळले. ते चिडलेले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. "बाई, तुमच्या म्हणण्याला यंत्राचा आधार नाही. मूठ सवयीनं फिरवलीत, टॉवेल सवयीनं काढलात. मी कशावरून तुम्हाला दोषी म्हणू?"

"सवय माझीच आहे ना, साहेब?" मी म्हटलं. "ती काही शेजारणीनं आणून माझ्या डोक्यात ठेवली नाही. पहिल्यांदा साहेबांच्या भीतीनं टॉवेल उचलला तेव्हा मला पक्कं कळत होतं की हे चूक आहे. त्या दिवशी काही झालं नाही म्हणून दुसऱ्यांदा उचलला. कळेनासं होईपर्यंत मीच उचलत राहिले. आता कळत नव्हतं म्हणून सुटू? यंत्राला मी त्या जागी सापडले नाही, हे खरं असेल. पण तिथं दुसरं कुणी नव्हतं. मीच होते."

गणोरकरांनी कायद्याचं पुस्तक ओढलं आणि पानं उलटत राहिले. शेवटी एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "स्वीकृत दायित्व. यंत्राचा आधार नसताना एखाद्यानं आपणहून जबाबदारी घेतली तर मंडळ ती नोंदवू शकतं. हे कलम आहे खरं. माझ्याकडे अजून कुणी वापरलेलं नाही." त्यांनी मान वर केली. "ऑपरेटरचा परवाना कायमचा जाईल. पॅनेलला पुन्हा हात लावता येणार नाही. खात्याची चौकशी लागेल. मुलाणींवरचा एकट्याचा ठपका निघेल. टॉवेल हीच इथं परवानगी समजली जायची, हे तुमच्या जबाबावरून नोंदवावं लागेल, आणि पथकाच्या साहेबांनाही बोलावावं लागेल. विचार करून सांगा. घाई नाही."

"झालाय करून," मी म्हटलं. आणि लगेच सही केली.

बाहेर व्हरांड्यात प्रमोद भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्याची बाटली आणायला गेले. मी बाकावर बसले. आता मी कुणीच नाही असं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं वाटलं नाही. नुसतं थकल्यासारखं वाटत होतं.

दस्तगीरभाऊ बाहेर आले. जुबेदाला म्हणाले, "तू जरा तिकडं बस." मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "भाऊ, मला माफ..."

"थांबा अक्का. त्ये नगं." त्यांचा आवाज बसका होता. "दोन म्हैनं डाक्टर सांगतोय, राग मनात ठेवू नगा, भायेर काडा. कुनावर काढू? जो येतोय त्यो म्हनतोय कुनाची चूक न्हाई. संपत म्हनतो माझी रेघ सपाट. सायेब म्हनत्यात ॲप बरोबर हुतं. तुमची बी सपाट. मग माझा हात काय आपसूक गेला? रातभर भिताडाला बघत हुतो. राग यायला बी मानूस लागतंय की वो."

आणि मग त्यांनी तो काढला.

मोठ्यानं नाही. ते मोठ्यानं बोलणारे नव्हेतच. पण ते बोलत राहिले. म्हणाले, शर्टाची बटणं बायको लावती, लाज वाटती. म्हणाले, धाकट्या पोरीनं दुमडलेली बाही बघून तोंड फिरवलं आन दोन दिस जवळ आली न्हाई. नमाजाला बसलो की तोल जातो. म्हणाले, तुम्ही टॉवेल काढलासा त्येचा एवढा राग न्हाई, भ्यालासा, भीती कुनाला न्हाई? पर दोन म्हैनं त्यो घरात ठिवून माझ्याकडं फळं घिऊन येत हुतासा, आन मी डोळं मिटून पडत हुतो, का, तर तुमच्याकडं बघून मलाच तुमची लाज वाटू नये म्हनून. एकोणीस वर्सं तुमच्या आवाजावर तार हातात धरली, अक्का. आयच्या आवाजावर सुदिक एवढा भरवसा ठिवला नसंल.

येणारे-जाणारे बघत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला. प्रमोद बाटली घेऊन आले आणि लांबच थांबले. मी ऐकत राहिले. प्रत्येक वाक्य लागत होतं, आणि लागायलाच हवं होतं. दोन महिने, अगदी निर्दोष ठरल्यावरही, मला जो श्वास पुरा आला नव्हता तो त्या बाकावर बोलणी खाताना आला.

बोलता बोलता त्यांना दम लागला. कपाळावर घाम आला होता. ते माझ्या शेजारी बाकावर टेकले. जुबेदा आली. "चला आता, बस खाली लागलीया," ती म्हणाली. ते उठले, चार पावलं गेले आणि थांबले.

"अक्का, उद्या घरला या."

"येते," मी म्हटलं.

"सकाळच्याला या. अजून सपलं न्हाई माझं."